कंदोरीच्या दिवशीचं लसीकरण

माझ्या पीएचडीचा निम्मा भाग विष्ठेवर उभा आहे. हे मी विनोदाने सांगत नाही. चार वर्षं मी धुळ्याच्या बाहेरच्या एका माळावर खोकडांची लेंडकं गोळा करत हिंडले, प्लास्टिकच्या छोट्या नळ्यांत भरली, नळीवर तारीख आणि बिळाचा क्रमांक लिहिला आणि घरच्या फ्रिजमध्ये कैरीच्या लोणच्याशेजारी ठेवली. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच लोणच्याची बरणी शेजारणीला देऊन टाकली. त्या कधी काही बोलल्या नाहीत, पण त्या फ्रिजमधलं दूध पुढे त्यांनी प्यायलं नाही.

खोकड म्हणजे कोल्हा नव्हे. हे मला आजही प्राणिशास्त्राच्या पदवीधरांना सांगावं लागतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. कोल्ह्यापेक्षा बरंच लहान, मांजरापेक्षा थोडं मोठं, पाय काटकुळे, शेपूट झुपकेदार आणि शेपटीचं टोक काळं. उंदीर, नाकतोडे, वाळवी, बोरं, जे मिळेल ते खातं. गवताळ माळावर बीळ करून राहतं आणि एका बिळाला चार-पाच तोंडं ठेवतं. माणसाच्या कोंबड्यांच्या वाटेला फारसं जात नाही. तरी माळ म्हणजे पडीक जमीन अशी आपल्याकडे सरकारपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांची खात्री असल्यामुळे त्याच्यावर राहणाराही पडीकच समजला जातो.

त्या माळावरची सहा बिळं मला एका मेंढपाळ आबांनी दाखवली. सत्तरीचे असतील. दीडशे मेंढरं, दोन कुत्री, डोक्याला पागोटं आणि बोलणं इतकं कमी की सुरुवातीला मला वाटलं, यांना माझा राग येतो. नंतर कळलं की ते मेंढरांशीही तेवढंच बोलतात. मी कॉलेजची मॅडम, तेव्हा पहिले काही महिने ते मला ‘मॅडम’ म्हणायचे. एकदा मी बाभळीच्या काट्यावर पाय देऊन मटकन खाली बसले आणि त्यांनी माझा पाय मांडीवर घेऊन सुईने काटा काढला, तेव्हापासून मी ‘पोर’ झाले. कुठल्या बिळात यंदा जोडी आहे, कुठलं रिकामं पडलंय, कुठली मादी गाभण आहे, हे ते मला चालता चालता सांगायचे आणि मी ते वहीत लिहून घ्यायचे. माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण म्हणजे आबांचं बोलणं, फक्त शास्त्राच्या भाषेत.

आता त्या लेंडकांचं काय करत होते ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. विष्ठेत त्या जनावराच्या आतड्यातल्या पेशी असतात आणि पेशीत जनुकं. त्यातली काही जनुकं रोग ओळखण्याच्या कामाची असतात. अंगात शिरलेला जंतू आपला की परका, हे शरीराच्या पहारेकऱ्यांना तीच दाखवून देतात. प्रत्येक जनावराला आईकडून एक आणि बापाकडून एक नमुना मिळतो. एका माळावर असे पुष्कळ वेगवेगळे नमुने असले तर नवीन रोग आला तरी कुणाच्या ना कुणाच्या अंगात तो ओळखणारं जनुक निघतं. काही मरतात, काही तगतात. पण सगळ्यांकडे तेच ते नमुने असले, तर एकाला जे ओळखता येत नाही ते कुणालाच येत नाही.

मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेतून माझे निकाल आले तेव्हा पावसाळा संपत होता. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये संगणकावर ती ओळींची भेंडोळी उघडली आणि पाहत राहिले. जामनेरकडच्या माळावरून आणलेल्या थोड्या लेंडकांत बरीच विविधता होती. आमच्या माळावरची मात्र जवळजवळ एकसारखी होती. सहाही बिळांत तीच तीच जनुकं. कारण उघड होतं. एका बाजूला आग्रा रोडचा महामार्ग, दुसऱ्या बाजूला कालव्यावरची बारमाही शेती, तिसरीकडे सौरऊर्जेची पॅनेलं आणि चौथीकडे शहर. बाहेरून नवीन खोकड येणार कुठून? वर्षानुवर्षं आपापसातच जोड्या लागत होत्या. माझे मार्गदर्शक सर निकाल पाहून म्हणाले, फारच सुंदर निकाल आहे. मलाही तो सुंदर वाटला, हे कबूल करते. घरी जाताना रिक्षात मात्र मी तो पुन्हा वाचला. या माळावर एखादा रोग शिरला तर एकही वाचणार नाही, असा त्या सुंदर निकालाचा साधा अर्थ होता.

रोग कुठला येणार, तेही मला माहीत होतं. कुत्र्यांमधला डिस्टेंपर. गावात कुत्री खोकतात, त्यांच्या डोळ्यांना चिपडं येतात, नाक वाहतं, मग पाय लटपटतात आणि एक दिवस ती उकिरड्यावर मरून पडतात. तोच विषाणू खोकडालाही लागतो. खोकडांची जनुकं बदलणं माझ्या हातात नव्हतं. पण आसपासच्या पाच गावांतल्या कुत्र्यांना लस टोचणं हातात होतं. मी ठरवलं की हे काम मी करणारच. माझं एकदा ठरलं की घरची माणसं वाद घालत नाहीत, नुसती उसासे टाकतात.

ठरवणं सोपं, करणं महाकठीण. जनावरांचे एक डॉक्टर ओळखीचे होते, ते उत्साहाने तयार झाले. लसही मिळाली. पहिल्या गावात आम्ही दिवसभर गल्लीगल्ली फिरलो आणि सात कुत्र्यांना टोचलं. बाकीची शेतात पळाली. कुत्रं कुणाचं विचारलं की कुणाचंच नसायचं आणि पकडायला गेलं की मालक उगवायचा. दुसऱ्या गावात एक बाई म्हणाली की सुईने कुत्रं भुंकायचं बंद होतं, मग चोर आले तर तुम्ही येणार का? तिसऱ्या गावात आम्ही गेलोच नाही. डॉक्टरांचा उत्साह मावळला आणि माझं रक्त आटायला लागलं.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. माळाच्या कडेला निंबाखाली शेंदूर फासलेला एक देव आहे. माघात एका मंगळवारी पाचही गावांची तिथे कंदोरी असते. नवसाचे बोकड कापायचे, तिथेच चुली मांडून रस्सा करायचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायच्या आणि सगळ्यांनी मांडीला मांडी लावून जेवायचं. माणसं येतात तशी त्यांची कुत्रीही मागोमाग येतात. मटणाच्या वासाने ती दिवसभर तिथून हलत नाहीत आणि हाडूक दाखवलं की कुणालाही हात लावू देतात. पाच गावांची कुत्री एकाच जागी, आपल्या पायांनी आलेली. मी सरपंचांना भेटले, पुजाऱ्याला भेटले, पाच गावांत दवंडी पिटवली की कंदोरीला येताना कुत्री आवर्जून आणा. ज्यांची बांधलेली असतात त्यांनी साखळीला धरून आणा. सगळ्यांना कल्पना पसंत पडली. मला तर स्वतःची इतकी पसंत पडली की मी चार दिवस हवेत होते.

आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली नाही आणि नकारही दिला नाही. एवढंच विचारलं की सगळी एकाच जागी कशाला? मी म्हटलं, सोपं पडतं. ते मेंढरांमागे निघून गेले.

कंदोरीचा दिवस चांगला थंड होता. सकाळीच चुली पेटल्या. आम्ही निंबापासून थोडं अलीकडे टेबल मांडलं आणि दुपारपर्यंत शंभराच्या वर कुत्री टोचून झाली. लोक रांग लावून उभे होते. माणसांच्या दवाखान्यातसुद्धा आपल्याकडे इतकी शिस्त नसते. आबाही त्यांची दोन कुत्री घेऊन आले होते आणि रांगेत जरा लांब उभे होते.

दुपारी एक शेतकरी साखळीला धरून एक तांबडं कुत्रं घेऊन आला. ज्या गावात जायची आमची हिंमत झाली नव्हती त्या गावचा हा माणूस आणि त्या वर्षीचा मानाचा बोकड त्याच्याच घरचा होता. कुत्र्याच्या डोळ्यांत पिवळी चिपडं होती. नाक वाहत होतं. ते खोकलं आणि त्याने मान झटकली. डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागले. हळू आवाजात म्हणाले की आजारी जनावराला टोचू नये आणि खरं तर इथे थांबवूही नये.

आबा पुढे आले. वाकून त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “हाई कुत्रं बेस नई शे, पोर. याले घर धाडी दे.”

मी त्या मालकाकडे पाहिलं. तो नवे कपडे घालून आला होता, त्याच्यामागे त्याचे भाऊबंद उभे होते. कंदोरीच्या जागेवरून मानाच्या माणसाला परत फिरवायचं, तेही पाच गावांसमोर? आपल्याकडे कंदोरीतून कुणी उपाशी परत जात नाही, वैरीसुद्धा. कुत्रं परत पाठवलं तर सगळं गाव परत गेलं असतं, पुढच्या वर्षी एकही जण आला नसता आणि माझं पाच गावांचं गणित चारवर आलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं आणि मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मी हसत म्हटलं की थंडीने सर्दी झाली असेल, यालाही टोचा. डॉक्टरांनी टोचलं. मालक खूश झाला आणि आम्हाला जेवायला त्याच्याच पंगतीत बसवलं. तांबडं कुत्रं संध्याकाळपर्यंत तिथेच होतं, हाडं चघळत, बाकीच्यांच्या अंगावर खोकत.

आबांनी त्यांच्या कुत्र्यांना लस टोचून घेतली नाही. दोन्ही कुत्र्यांच्या गळ्यात दोरी बांधून ते निघून गेले, जेवायलाही थांबले नाहीत. मला राग आला. कंदोरीचं अन्न टाकून जायचं म्हणजे काय! मेंढपाळ आजारी मेंढरू कळपातून आधी बाहेर काढतो आणि मग त्याला काय झालंय ते बघतो, हे मी चार वर्षं रोज पाहत होते. रोगप्रतिकारावर संशोधन मी करत होते आणि तेवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

दिवस मावळता मावळता लोक गेले. मी मागे राहिले, कारण सुया आणि बाटल्या गोळा करायच्या होत्या. चुलींच्या राखेभोवती हाडांचा नुसता सडा पडला होता. आणि अजून थोडा उजेड असतानाच खोकडं आली. आधी एक, मग दोन. दर वर्षी कंदोरीनंतर ती येतात असं आबांनी सांगितलं होतं, मी पहिल्यांदाच पाहत होते. कुत्र्यांनी चघळून टाकलेली हाडं ती उचलत होती, चाटत होती, तोंडात धरून बिळाकडे नेत होती. मी निंबाला टेकून बसले आणि फोटो काढले. खरंच सांगते, मला तेव्हा आनंदाने रडू येत होतं. एका स्थानिक पेपरात आमच्या शिबिराची बातमी आली आणि त्यातलाच एक फोटो छापून आला.

लस टोचली की लगेच कवच चढत नाही. अंगात ताकद यायला आठवडे जातात. हे मला पाठ होतं, मी ते वर्गात शिकवत होते. थंडीत हा विषाणू बाहेरही काही काळ तग धरतो, हेही मी शिकवत होते.

तीन आठवड्यांनी आबांचा फोन आला. त्यांनी स्वतःहून फोन करण्याची ती पहिली वेळ. मी गेले तेव्हा भर उन्हात एक खोकड वाटेवर उभं होतं. माणसाला पाहून पळायचं सोडून ते गोल गोल फिरत होतं. डोळे चिकटलेले. मागचे पाय एकमेकांत अडकत होते. मी चार हातांवर उभी होते आणि त्याला मी दिसत नव्हते. ती दोन नंबरच्या बिळातली मादी होती, गाभण होती. दुसऱ्या दिवशी ती तिथेच बोरीखाली मेलेली सापडली. मी तिचे नमुने घेतले, तपासायला पाठवले. उत्तर यायच्या आत आणखी चार मेली. उत्तर डिस्टेंपरच आलं.

चैत्र लागेपर्यंत सहाही बिळं गप्प झाली. एरवी त्या दिवसांत बिळाच्या तोंडाशी पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत असतात. मी एकेका बिळाच्या तोंडाशी बारीक माती पसरून ठेवायचे आणि सकाळी पाहायचे. मातीवर सरड्याची रेघ असायची, कधी मुंगसाचे पाय. खोकडाचं पाऊल उमटलं नाही. गावांतली बरीच कुत्रीही त्या महिन्यात गेली. लोक म्हणाले, लस बाधली. मी त्यांना समजावत बसले की लसीने असं होत नाही आणि ते खरंच होतं. नेमकी तेवढीच खरी गोष्ट मी बोलत होते.

आबांची दोन्ही कुत्री जिवंत होती. सहाव्या बिळाजवळ ती त्यांच्या पायाशी बसली होती. मी आबांना जनुकांचं सगळं समजावून सांगितलं. माळ कसा तुटला, जोड्या कशा आपापसात लागल्या, रोग ओळखायची ताकद कशी उरली नाही. ती मरणारच होती, आज ना उद्या, असंही म्हटलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग विचारलं, “हाई तू म्हनस ते व्हई. पन बठ्ठा कुत्रासले आठे कोनी बलायं?”

त्यात राग नव्हता. मेंढरू कुठून हरवलं हे विचारावं तसं, सगळी कुत्री इथे कुणी बोलावली, एवढंच त्यांनी विचारलं. मेंढरं वळवून ते उतरणीला लागले आणि मी बिळाच्या तोंडाशी उभी राहिले. तो माळ मी शेवटचा पाहिला तो त्या दिवशी.

प्रबंध पूर्ण झाला. अशी संधी संशोधकाला क्वचित मिळते, सर म्हणाले. आधी जनुकांची विविधता मोजलेली, नंतर साथ आलेली आणि सगळी खोकडं मेलेली. माझा अंदाज डोळ्यांसमोर खरा ठरला होता. रोग कुठून आला या मुद्द्यावर मी एक वाक्य लिहिलं: संसर्ग बहुधा परिसरातील कुत्र्यांमधून झाला असावा. वाक्यात खोटं काही नाही. लसीकरण शिबिराची माहिती परिशिष्टात टाकली, संवर्धनासाठी केलेले प्रयत्न या मथळ्याखाली. कंदोरीच्या दिवशी पाच गावांतली कुत्री एकत्र आणल्यामुळे कमी वेळात मोठं काम होतं, लोकसहभाग मिळतो, असंही लिहिलं. तेही खरंच होतं. तांबड्या कुत्र्याबद्दल लिहिलं नाही. सगळा दोष जनुकांवर गेला. जनुकांना तोंड नसतं, ती उलटून बोलत नाहीत.

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षक बाईंनी फार कौतुक केलं. घरी पेढे वाटले. सासूबाईंनी फ्रिज धुऊन पुसून घेतला आणि लोणच्याची नवी बरणी आत ठेवली. मला वाटलं होतं, पदवी मिळाली की हळूहळू हे मागे पडेल. पडलं नाही. जळगावला नोकरी लागली, घर बदललं, विद्यार्थी बदलले आणि दर वर्षी रोगप्रतिकाराचा धडा येतोच. फळ्याकडे तोंड करून मी तो धडा उरकते. कुणाला सांगावं असं किती वेळा वाटलं. पण सांगायचं म्हणजे पदवीवर गदा येणार, सरांवर येणार, त्या बिचाऱ्या डॉक्टरांवर येणार. अशी कारणं मी जमवत गेले. खरं कारण एकच होतं, मला लाज वाटत होती.

गेल्या माघात एका दुपारी, दोन तासिकांच्या मधे, मला जामनेरहून फोन आला. तिथल्या कॉलेजातले एक प्राध्यापक. माझा प्रबंध त्यांनी ग्रंथालयातून मिळवून वाचला होता आणि त्यांना माझे आभार मानायचे होते. जामनेरकडचा तो माळ, जिथे विविधता भरपूर आहे असं मीच लिहून ठेवलंय, तो आपल्याला वाचवता येईल असं त्यांना वाटत होतं. म्हणाले, तुमच्या परिशिष्टातली पद्धत जशीच्या तशी वापरली मॅडम. काल आमच्याकडची कंदोरी झाली. सात गावांची कुत्री आली होती.

मी खुर्चीत बसले. मी विचारलं की त्यांत कुठलं आजारी होतं का? ते म्हणाले, दोन-तीन खोकत होती, पण लोकांचं मन कशाला मोडायचं म्हणून तीही टोचून घेतली. मग त्यांनी विचारलं की आवाज येतोय ना?

मी त्यांना सगळं सांगितलं. तांबडं कुत्रं, मानाचा बोकड, आबा काय म्हणाले, मी काय म्हटलं, हाडं, उजेडात आलेली खोकडं, सहा बिळं. आजच्या आज हाडं गोळा करून जाळा, खोकणारी कुत्री शोधून बांधून ठेवा, माळाकडे एकही जाऊ देऊ नका, हेही सांगितलं. हाडं कालच सगळी साफ झाली, ते म्हणाले, पहाटे बघायला गेलो तर एकही शिल्लक नव्हतं, खोकडांनी नेलेली दिसली. मला त्यांच्या मागे कॉलेजची घंटा ऐकू आली.

“मॅडम,” ते म्हणाले, “मी तुमचा प्रबंध दोनदा वाचलाय. यातलं काहीच त्यात नाही.”